तीन ठोके

होडीच्या कडेवर लोखंडी पान्याने तीनदा ठोकलं की मासे यायचे. यात जादू काही नव्हती, पण फेरीला आलेल्या पाहुण्यांना ती जादूच वाटली पाहिजे, याची काळजी टकटकने एकवीस वर्षं घेतली होती. आधी इंजिन बंद करायचं. मग कुणीतरी "झालं का सुरू?" असं विचारेपर्यंत गप्प बसायचं. मग बाकाखालून पाना काढायचा, बाहीला पुसायचा (पुसण्यासारखं त्यावर काही नसे) आणि ठक, ठक, ठक. होडीच्या तळाला मधोमध जेवणाच्या टेबलाएवढी काच होती. तिच्या दोन्ही बाजूंना बाकांवर बारा माणसं वाकून बसलेली असायची. दहा आकडे मोजायच्या आत काचेखालचं पाणी माशांनी भरून जायचं आणि बाराही माणसं एका सुरात "अगं बाई" म्हणायची, पुरुषसुद्धा.

त्याचं खरं नाव तिकीटखिडकीवरच्या परवान्यावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. धक्क्यावर तो टकटक, शेजारच्या पोरांचा टकटककाका, आणि बायको रागात असली की "तुमचे ते टकटकराव". त्याच्या बापाने दगडाने ठोकायला सुरुवात केली होती. मुलाने पाना आणला, एवढीच काय ती प्रगती.

पाण्याखाली पोवळ्यांची लांबच लांब रांग होती आणि तिच्यावर प्रत्येक होडीची जागा ठरलेली होती. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या जागेवर होडी बांधणाऱ्याला धक्क्यावर तोंड दाखवायची सोय नसे. टकटकची जागा म्हणजे ओटा. दोन पुरुष खोल पाण्यात स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा सपाट पसरलेला खडक, आणि त्यावर पोवळ्यांची ही गर्दी! शिंगांसारखी, पंख्यांसारखी, कोबीच्या गड्ड्यासारखी. इतर होडीवाल्यांच्या जागाही वाईट नव्हत्या, पण त्यांचे मासे मनात आलं तर दिसायचे. टकटकचे मासे बोलावल्यावर यायचे. होडीच्या अंगावर त्याने तसं रंगवूनच घेतलं होतं, "मासे हाकेला येतात". चुलतभावांच्या पोटात दुखायचं आणि ते दुखतं हे टकटकला ठाऊक होतं, त्यामुळे तो अक्षरं दर वर्षी न चुकता उजळवायचा.

येणाऱ्यांत जास्त करून पोपटमासे. चोचीसारखे दात, अंगावर रंगांची उधळण. शिवाय काळे चपटे, शेपटीजवळ सुरीसारखा काटा असलेले. सगळ्यांत पुढे आत्याबाई. आत्याबाईच्या शेपटीचा एक कोपरा कुणीतरी चावून नेला होता, म्हणून ती ओळखू यायची. आधी ती तपकिरी, साधीसुधी होती. मग एका वर्षी निळीहिरवी व्हायला लागली आणि टकटक घाबरून लेकीला म्हणाला, "हिला काहीतरी झालंय गं." लेक समुद्र संशोधन केंद्रात कामाला, पाण्याखाली जाऊन मोजमाप करणारी. ती हसत सुटली. म्हणाली, "बाबा, ती आता नर झाली. या माशांमध्ये होतं तसं." टकटकने बराच विचार केला. "नर होऊ दे नाहीतर आणखी काही," तो म्हणाला, "माझ्यासाठी ती आत्याबाईच." आणि ती आत्याबाईच राहिली.

हे सगळं पाणी तापायच्या आधीचं.

दोन उन्हाळ्यांमागे समुद्र तापला. हात घातला तर अंघोळीचं पाणी वाटावं असा. ओट्यावरची पोवळी आधी जांभळी, पिवळी, निळी अशी झगमगायला लागली. इतकी सुंदर ती कधीच नव्हती. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग ती पांढरीफटक पडली, तेव्हाही पाहुणे टाळ्या वाजवायचे, म्हणायचे, काय सुरेख, बर्फ पडल्यासारखं! त्या फेरीला लेक होडीत होती. ती काचेकडे बघत राहिली आणि पाहुणे उतरल्यावर म्हणाली, "बाबा, ही मरायला लागलीत." पोवळ्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवू घालतं. पाणी तापलं की पोवळं त्यालाच घराबाहेर काढतं, आणि मग पांढऱ्या अंगाने उपाशी उभं राहतं. पाणी लवकर निवलं तर वाचतं. पाणी निवलं, पण उशिरा. दोन महिन्यांत ओट्यावरचा पांढरा रंग मळका झाला आणि मळक्यावर हिरवी लव चढली.

त्याने मग त्याला सुचलं ते केलं. पोवळी मेली, आता मासे खाणार काय, असं म्हणून त्याने पाव दुप्पट केला. आधी फेरीला एक टोपली कुस्करलेला पाव टाकायचा, तो दोन टाकायला लागला. बायको रोज बेकरीत जाऊन शिळे पाव गोणीत भरून आणायची. बेकरीवाला कुरकुरायचा, तर त्याला सांगायची, "अहो, खाली मुकी जनावरं उपाशी आहेत." मासे यायचे, पोटभर खायचे. निदान एवढं तरी आपण जगवतोय, हे समाधान टकटकला त्या दोन वर्षांत पुरलं.

एका दुपारी लेक मोजणी आटोपून आली. पाण्यात घालायचा काळा रबरी पोशाख तिने गच्चीत दोरीवर टाकला. तो आईच्या चादरींवर टपटप गळत होता आणि एरवी आई ओरडली असती, पण लेकीचा चेहरा बघून गप्प बसली. टकटक उंबऱ्याशी बसून पाव कुस्करत होता.

"बाबा, ते जरा थांबवा ना."

"का? साडेतीनची फेरी आहे."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "या खेपेला मी मासे किती वेळा खडकाला तोंड लावतात ते मोजलं. पाण्यात पडून राहायचं, एका माशावर नजर ठेवायची, पाच मिनिटं. रांगेच्या मागच्या अंगाला एकेक पोपटमासा पाच मिनिटांत साठ-साठ वेळा शेवाळ खरवडतो. आपल्या ओट्यावर तीन."

"तीनच?" टकटकचा हात थांबला. "अरे देवा. आजारी पडलेत. मी म्हणत होतोच, त्यांना पुरत नाही. अजून एक टोपली वाढवतो."

लेकीने डोळे मिटले. "आजारी नाहीत, बाबा. त्यांची पोटं भरलेली आहेत."

मग तिने सगळं सांगितलं, एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने ऐकूनच घेतलं नाही. या माशांचं काम खडकावरचं शेवाळ खाणं. पोवळं मेलं तरी खडक स्वच्छ राहिला, तर त्यावर नवं पोवळं येऊन बसतं. ते आधी पाण्यात तरंगत येतं, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि त्याला बसायला नागडा खडक लागतो. हिरव्या लवेत ते गुदमरतं. मागच्या अंगाला नवी पोवळी बसली आहेत, शर्टाच्या बटणाएवढी, तिने बोटांनी दाखवलं. ओट्यावर एकही नाही. दोन वर्षांत एकही नाही. तीन महिन्यांनी मागची पोवळी पुन्हा अंडी सोडतील. तोवर ओटा खरवडला गेला नाही, तर शेवाळ इतकं जाड होईल की पुढे माशांनाही ते खरवडता येणार नाही. मग ओटा गेलाच समजायचा.

"म्हणजे मी मारला ओटा," टकटक म्हणाला.

"असं मी म्हटलं नाही."

"दुसरं काय म्हटलंस? एकवीस वर्षं खायला घालतोय मी त्यांना! समुद्र मी तापवला का?"

"नाही."

"मग ज्याने तापवला त्याला जाऊन सांग!"

"त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, बाबा," लेक म्हणाली. "तुमचा आहे."

बायको दारात उभी होती. तिच्या हातात पावांची गोणी होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. "दोन वर्षं मी त्या बेकरीवाल्याच्या हातापाया पडतेय," ती म्हणाली, कुणालाच नाही. साडेतीनच्या फेरीला टकटक गेला, नेहमीसारखं ठोकलं, नेहमीसारखा दोन टोपल्या पाव टाकला आणि घरी येऊन लेकीशी न बोलता जेवला.

दुसऱ्या दिवशी तो भल्या पहाटे उठला तो लेकीला खोटं पाडायलाच. निघायच्या आधी त्याने लांब दांड्याच्या ब्रशने काच खालून घासली. हे त्याचं रोजचं काम. दोन दिवस राहिलं तर काचेवर शेवाळाचा चिकट थर धरतो आणि पाहुण्यांना काही दिसत नाही. घासता घासता त्याचा हात मंदावला. काचेवर दोन दिवसांत एवढं चढतं आणि मी ते खरवडतो, मग खडकावरचं कोण खरवडणार, हा प्रश्न त्याला एकवीस वर्षांत पडला नव्हता. तो त्याने झटकला आणि इंजिन न लावता वल्ही मारत निघाला, माशांना चाहूल लागू नये म्हणून.

ओट्यावर पोचला तेव्हा नुकतं फटफटलं होतं. त्याने हलकेच होडी बांधली आणि ओणवा होऊन काचेत बघितलं.

मासे आधीच जमलेले होते. सत्तर-ऐंशी तरी असतील. सगळे होडी बांधायच्या जागेखाली, वर तोंडं करून, काहीच न करता नुसते तरंगत. त्याने पाना हातात घेतला नाही. तो बसून राहिला. ऊन वर आलं, पाण्यात तिरपं उतरलं. एका छोट्या माशाने खडकाला एकदा तोंड लावलं आणि सोडलं. बस्स. आत्याबाई काचेच्या अगदी खाली उभी होती आणि तिचा डोळा वर लागला होता. तिच्या मागे ओटा हिरवागार, केसाळ, मेलेला. तासाभरात टकटकने मोजलं ते एका हाताच्या बोटांवर मावलं.

मग तो वल्ही मारत मागच्या अंगाला गेला. दुसऱ्याच्या जागेत शिरताना त्याने आजूबाजूला बघून घेतलं, चोरासारखं. तिथले मासे त्याच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी होडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. सगळे माना खाली घालून खरवडत होते, आणि जिथे खरवडलं तिथे खडकावर दातांचे पांढरे ओरखडे. त्या ओरखड्यांमध्ये त्याला बटणं दिसली. एक, दोन, मग दिसायलाच लागली. तपकिरी, गुलाबी, इवलीशी. टकटकला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते.

घरी येऊन त्याने लेकीला सांगितलं, "तू बरोबर होतीस." हे वाक्य त्याला आयुष्यात फार जणांना म्हणावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते त्याच्या तोंडात बसलं नाही. लेक म्हणाली, "मग काही दिवस तिकडे जाऊच नका. विसरतील."

"नाही विसरायचे." हा विषय त्याचा होता. "मागे इंजिन बसलं होतं, आठवतं? सोळा दिवस गेलो नव्हतो. सतराव्या दिवशी ठोकलं तर आधीपेक्षा जास्त आले. वाट बघायला शिकवलंय मी त्यांना. नुसतं गेलो नाही, तर वाटच बघत बसतील." त्याने उंबऱ्यावर बोटाने तीनदा ठोकलं. "ठोकायचं आणि द्यायचं नाही. रोज. पोट खपाटीला जाईपर्यंत. माझ्या ठोक्यावरचा विश्वासच उडाला पाहिजे."

लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्याच्या तारखेवर बोट ठेवलं. तिच्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने सकाळी रिकामी होडी नेली आणि तीनदा ठोकलं. सगळे आले. काचेखाली दाटी झाली. टकटक हात मांडीखाली दाबून बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्याबाईने चोच काचेला लावली, टिक्. पुन्हा टिक्. "नाही गं बाई," तो म्हणाला, "आज नाही." तिने अर्धा तास नाद सोडला नाही. दुपारी तो पुन्हा गेला, पुन्हा ठोकलं, पुन्हा काही दिलं नाही. शब्द देऊन दोनदा मोडल्यासारखं वाटत होतं, आणि संध्याकाळी एकदा बाकी होतं.

पाहुण्यांच्या फेऱ्यांना तो ठोकेनासा झाला. मासे तरीही आपणहून यायचे आणि रिकाम्या पाण्यात तोंडं उघडायचे. एका बाईंनी पर्समधून बिस्किटाचा तुकडा काढून कडेवरून टाकला, तर टकटक असा ओरडला की तिचा मुलगा रडायला लागला. तिकीटखिडकीवरच्या बाईने त्याला बाजूला घेतलं. "काका, तक्रार आलीय. तुम्ही तर कधी आवाज चढवत नाही." त्याने माफी मागितली. मग घरून उरलेला निळा रंग आणला आणि होडीच्या अंगावरची "मासे हाकेला येतात" ही अक्षरं पुसून टाकली. चुलतभाऊ शेजारी होडी बांधत होता. त्याच्या ओठांवर काहीतरी खोचक आलं होतं. टकटकचं तोंड बघून त्याने ते गिळलं आणि दोर आवळायला लागला.

नवव्या दिवशी टकटकने घाण केली.

मासे निम्म्यावर आले होते, पण आत्याबाई रोज यायची. त्या दिवशी ती आली तेव्हा तिचं पोट आत गेलेलं दिसलं, निदान त्याला तसं वाटलं. त्याच्या खिशात न्याहारीचा पाव होता. त्याने काही ठरवलं नव्हतं. हात खिशात गेला आणि तुकडा पाण्यात पडला. एकच तुकडा. पाणी उकळल्यासारखं झालं. दहाव्या दिवशी सगळेच्या सगळे हजर. नऊ दिवस पाण्यात गेले.

त्याने घरी कबूल केलं. लेक चिडली नाही, ते त्याला जास्त लागलं. तिने कॅलेंडरवर फुल्या मारलेले नऊ दिवस खोडले आणि आजच्या तारखेला "एक" लिहिलं. बायकोने मात्र सूत्रं हाती घेतली. दुसऱ्या दिवसापासून निघताना ती त्याचे खिसे तपासायची, शाळकरी पोराचे तपासतात तसे. "उलटे करा. हा पण. वरचा पण." बेकरीत तिने निरोप धाडला की आता पाव नकोत. बेकरीवाल्याने विचारलं, जनावरं मेली का? ती म्हणाली, "नाही हो. आमची चूक झाली."

दिवस गेले. विसाव्या दिवशी तीस-चाळीस मासे. अठ्ठाविसाव्या दिवशी दहा-बारा. चौतिसाव्या दिवशी फक्त आत्याबाई, एकटी, काचेपासून जरा लांब, तिरपी उभी. तिने थोडा वेळ बघितलं आणि पाठ फिरवली.

अडतिसाव्या सकाळी त्याने ठोकलं आणि कुणी आलं नाही.

त्याने दहा आकडे मोजले. मग वीस. काचेखाली रिकामं निळं पाणी. ओट्याच्या पार कडेला त्याला ती दिसली, तुटक्या शेपटीवरून. मान खाली घालून ती खडकाला भिडली होती. चावा, पुढे, चावा. तिच्यामागे हिरव्यावर पांढरे ओरखडे उमटत होते. हेच तर हवं होतं. यासाठीच तर सगळं केलं होतं. तरी टकटकने पाना उचलला आणि पुन्हा तीनदा ठोकलं, जोरात, मनाविरुद्ध. तिने वळून बघितलं नाही. त्याने काच हातांनी झाकली आणि हमसून हमसून रडला. एकवीस वर्षांत त्याला ओळखणारं पाण्याखाली एवढं एकच कुणी होतं.

त्या आठवड्यात लेक पुन्हा मोजणीला उतरली. ओट्यावर तळहाताएवढे स्वच्छ तुकडे पडले होते, म्हणाली. अकरा सापडले. बाकी अजून हिरवंच. मागची पोवळी पाच आठवड्यांत अंडी सोडतील.

"पुरेल का तेवढं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, बाबा." ती पोशाख पिळत होती. "पाणी आत्ताच मागच्या वर्षीपेक्षा गरम आहे."

टकटकने दोरीवरच्या चादरी सरकवून तिच्या पोशाखाला जागा केली.

साडेतीनच्या फेरीला सातच माणसं होती. टकटकने इंजिन बंद केलं. सगळे वाकून बसले. सवयीने त्याचा हात बाकाखाली गेला, पान्याला लागला आणि तिथेच राहिला. खाली हिरवा ओटा होता, इकडेतिकडे खरवडलेला, आणि दूर कडेला काही ठिपके हलत होते. पाहुण्यांनी वाट बघितली. मग एक गृहस्थ मान वर करून म्हणाले, "अहो, आम्ही तर ऐकलं होतं, तुम्ही बोलावलं की मासे येतात. कुठायत मासे?"

टकटकने पान्यावरचा हात काढला.

"कामाला गेलेत," तो म्हणाला.